हात न लावता

माझ्या धाकट्या भावाला लहानपणी आम्ही ठोंब्या म्हणायचो. एकदा बसला की हलायचं नाव नाही. चालायला शिकत होता तेव्हा तो जरा डगमगला की मी धावत जाऊन हात धरायची. आई आतून ओरडायची, "अगं, पडू दे त्याला! तू कुठवर पुरणार आहेस?"

साठ वर्षांनी त्याचं यकृत निकामी झालं, तेव्हा मी पुरलेच होते. भावजय केव्हाच गेली होती, म्हणून मी माझ्या घराला कुलूप लावून त्याच्याकडे राहायला आले. डोळे पिवळे, पोट पाण्यानं तट्ट फुगलेलं आणि मांड्यांच्या काटक्या. त्याच्या मुलीनं स्वतःच्या यकृताचा तुकडा द्यायचं ठरवलं. तिच्या तपासण्या नीट पार पडल्या. आता फक्त तारीख घ्यायची, अशा समजुतीनं आम्ही तिघं सर्जनबाईंसमोर बसलो.

बाईंनी भिंतीजवळच्या बिनहातांच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "काका, हात छातीशी बांधून पाच वेळा उठा-बसा."

ठोंब्या एकदा उठला. दुसऱ्यांदा अर्ध्यातच अडकला. माझा हात त्याच्या काखेत कधी गेला, मला कळलंही नाही.

"आजी, हात काढा."

मग त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. आजार किती बळावलाय ते रक्त सांगतं, पण ऑपरेशन झाल्यावर माणूस तग धरेल का, याचा बराचसा अंदाज या उठण्याबसण्यावरून येतो. "इतक्या खंगलेल्या माणसासाठी धडधाकट मुलीच्या पोटाला मी सुरी लावणार नाही. महिनाभरात ताकद कमवा. त्याहून जास्त थांबणं यांना परवडणार नाही."

व्यायाम शिकवणारी मुलगी घरी आली. बराच वेळ नुसतं आमच्याकडे बघत बसली. जाताना विचारलं, "आजी, यांना पाणी कोण आणून देतं? चपला कोण पुढे ठेवतं? रिमोट?"

"मी."

"मग व्यायाम तुमचाच होतोय. आता तुम्ही बसायचं."

बसायचं! मला! पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरात गेला, रिमोट फळीवर. दर दोन-तीन तासांनी खायचं आणि खाण्यासाठी टेबलापर्यंत स्वतः चालत यायचं. तो खुर्चीच्या कडेवर बसून उठण्यासाठी दात-ओठ खायचा आणि माझे हात शिवशिवायचे. मी घड्या घातलेले कपडे विस्कटून पुन्हा घड्या घालायची. लखलखीत नळ घासायची.

"ताई, किती येरझाऱ्या घालतेस? मला घेरी येते."

"मग तू घाल. मी बसते."

"खाष्ट झालीस म्हातारपणी."

"आधीपासून होते. तुझ्यापुरतं लपवलं होतं."

एकदा तो पलंगापाशी गुडघ्यांवर कोसळला. मी धावणार तोच भाचीनं माझा दंड पकडला. "आत्या, थांब. लागलेलं नाही." पलंगाची कड धरून तो उठला आणि आम्हा दोघींना मनसोक्त शिव्या दिल्या. भाची हसली. मला मात्र हसू येईना. तो उठला नाही तर तो हातचा जाणार. उठला तर ही हसरी पोर ऑपरेशनच्या टेबलावर जाणार. देवाकडे नेमकं मागायचं तरी काय? मी पुन्हा नळ घासायला गेले.

महिना संपला. तीच खोली, तीच खुर्ची. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. पहिल्या तीन वेळा तो बरा उठला. चौथ्यांदा श्वास लागला. पाचव्यांदा अर्ध्यावर थांबला, गुडघे लटपटू लागले, आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. चालायला शिकताना पाहायचा, अगदी तसंच. माझे खांदे पुढे झुकले. हात मी उचलले नाहीत.

"ऊठ ठोंब्या," मी म्हटलं.

तो उठला.

सर्जनबाईंनी आधी भाचीकडे पाहिलं. "अजून विचार बदलायचा असेल तर बदलता येईल."

"नाही बदलायचा."

"हमी मी कुणाचीच देत नाही. पण आता करू या." त्यांनी पुढच्या आठवड्यातली तारीख दिली.

निघताना मला काही उठता येईना. हातांना मुंग्या आलेल्या, पाय बधिर झालेले. ठोंब्या दाराशी धापा टाकत उभा होता.

"ऊठ ताई," तो म्हणाला. "हात देणार नाही हं."