खिशातले फ्यूज

"बाहीला पिन कशाला लावलीत, खुशालराव? काढा ती. बाही लोंबली पाहिजे. मागच्या रांगेतल्यालाही दिसली पाहिजे."

मॅनेजरसाहेबांनी स्वतःच पिन काढली. खुशालरावांची उजवी बाही कोपरापासून खाली रिकामी लोंबू लागली. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या त्या जिनिंग कारखान्यात सुरक्षा सप्ताह सुरू झाला होता, आणि देवीपुढे बोकड न्यावा तसे दर मार्चला खुशालराव स्टेजवर नेले जात.

भाषण पाठ होतं. मी इथला इलेक्ट्रिशियन. मोटार खोलण्याआधी बोर्डाच्या स्विचला आपलं लाल कुलूप लावायचं आणि चावी खिशात ठेवायची, हा नियम. मी विसरलो. कुणीतरी स्विच चालू केला. माझा हात गेला. मग टाळ्या, शाल, नारळ.

यातलं 'विसरलो' तेवढं खोटं होतं. कुलूप लावलेलं होतं, चावी त्यांच्या खिशातच होती. पण कापसाच्या गाठी न्यायला ट्रक दारात उभा होता, साहेबांना दम धरवेना, आणि प्रत्येक कुलपाची डुप्लिकेट चावी त्यांच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगलेली असायची. मोटारीमागं वाकलेला माणूस केबिनमधून दिसत नाही.

दवाखान्यात साहेब संत्री घेऊन आले होते. "विसरलो म्हणा. पोराला कामावर घेतो, तुम्हाला गेटवर बसवतो." शेजारी उभ्या बायकोनं, वच्छलानं, तोंडाला पदर लावला आणि मान हलवली. खुशालराव विसरले.

काही वर्षं निभलं. काल रात्री जेवताना मात्र नवीनच गोष्ट निघाली. कुलदीप आता बापाच्याच जागी इलेक्ट्रिशियन होता. म्हणाला, "उद्या जुनी मोठी मशीन खोलून राहिलो, बाबा."

"कुलपाच्या भरवशावर नोको राहू," खुशालराव म्हणाले. "आमी पहिले फ्यूज काढून खिशात ठेवत होतो. त्या बोर्डाले अजूनबी चिनी मातीचे फ्यूज हायेत. तीनही काढ."

कुलदीप हसला. "तो जमाना गेला. कुलूप लावलं का निवांत. मी काही तुमच्यासारखा विसरभोळा नाई."

वच्छला उद्याच्या बाजारासाठी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलंच नाही.

आणि आता तोच कुलदीप पहिल्या रांगेत बसला होता, कमरेला लाल कुलूप अडकवून. आपल्या खोट्यावर विश्वास ठेवून पोरगा मोटारीत हात घालणार होता.

"मी विसरलो नवतो," ते माइकमध्ये म्हणाले. "कुलूप लावलं होतं. साहेबानं डुप्लिकेट चावीनं खोललं. त्या चाव्या आजबी केबिनात टांगून हायेत. जा, पाहून या."

कुणी उठलं नाही. साहेबांनी हलकेच माइक काढून घेतला. "शॉकचा परिणाम डोक्यावर राहतो, मित्रांनो. म्हणूनच सांगतो, नियम पाळा."

टाळ्या पडल्या. शालसुद्धा मिळाली. खरं बोलणाऱ्याला शाल पांघरून वेडा ठरवायचं, ही रीत कुठल्या नियमात बसते कोण जाणे. दुपारी गेटवर दुसरा माणूस बसला होता.

संध्याकाळी कुलदीप घरी आला तो तणतणतच. कपडे बदलून त्यानं कामाची पँट खाटेवर फेकली.

"काहून बोलले तुमी तसं? मले केबिनात बलावलं. इचारलं, तुझा बाप घरीबी असाच बरळते काय?"

"मंग?"

"हो म्हणलं मी. काय म्हणू? नोकरी जाऊ देऊ?"

खुशालराव बोलणार कोणत्या तोंडानं? खोटं बोलून नोकरी राखायची विद्या पोरानं घरातच शिकली होती. त्यांना राग आला, पण पोराचा नाही.

कुलदीप पाय आपटत बाहेर निघून गेला. वच्छलानं धुवायला पँट उचलली तर ती जड लागली. खिशातून गाठ मारलेला रुमाल निघाला.

"आवं, हे काय घेऊन आला हा?"

तिनं गाठ सोडली. आत चिनी मातीचे पांढरे फ्यूज होते, काळ्या ग्रीसनं माखलेले. तीनही. म्हणजे मशीन अजून खुलीच होती, काम उद्यावर गेलं होतं. हे तीन फ्यूज परत जाईपर्यंत कुठल्याही चावीनं ती चालू होणार नव्हती.

खुशालराव रुमाल मांडीवर घेऊन डाव्या हातानं गाठ मारायला लागले. एक टोक धरलं की दुसरं सुटायचं.

वच्छला खाली बसली. तिनं दोन्ही टोकं हातात घेतली आणि गाठ पक्की बांधली.

"पँट धू नोको," खुशालराव म्हणाले. "खिशातच राहू दे ते. उद्या हीच पँट घालू दे त्याले."