कांचनजंगा पाहून आलेली वाकळ

मित्रांनो, मी एक जुनी वाकळ आहे. शहरातले लोक मला गोधडी म्हणतात, पण आमच्या सेलूकडे मी वाकळच. नाव ऐकून नाक मुरडू नका. तुमच्या घरातल्या किती जणांनी हिमालय पाहिला आहे? मी पाहिला आहे. नुसता पाहिला नाही, तिथल्या थंडीला पुरून उरले आहे. आता नीट मांडी घालून बसा, म्हणजे सगळं सांगते.

मला केशरबाईने शिवलं. ती सेलूच्या एका कापसाच्या जिनात कामाला होती. गाड्यांमागून गाड्या कापूस यायचा, यंत्रातून सरकी वेगळी पडायची आणि पांढऱ्या रुईची भली मोठी गंजी लागायची. केशरबाई दिवसभर ती रुई उपसायची आणि संध्याकाळी घरी येऊन मला मांडीवर घ्यायची. फाटकी लुगडी, नवऱ्याचं विरलेलं धोतर, एक जुनी चादर, असे थरावर थर देऊन तिने मला दाभणाने टाके घातले. शेजारच्या सुलाबाईने दुसरं टोक धरलं होतं. हात टाके घालायचे आणि तोंडं साऱ्या गावाची उणीदुणी काढायची. त्यामुळे मला जन्मापासूनच बोलायची सवय लागली, त्यात माझा काय दोष?

सुलाबाई घरी गेल्यावर केशरबाईने माझ्या पोटात आणखी एक थर घातला. तो थर कशाचा, हे तिने कुणाला सांगितलं नाही, आणि मीही पुष्कळ वर्षं तोंड उघडलं नाही.

तिचा मुलगा रंगनाथ शाळा सुटली की जिनात यायचा आणि गंजीच्या सावलीत बसून मोठ्याने धडा वाचायचा. एके दिवशी त्याने भूगोलातला हिमालय वाचला. बर्फाचा डोंगर असतो, तो या गंजीसारखाच पांढरा असतो, पण पार आभाळाला टेकलेला असतो, असं त्याने आईला समजावून सांगितलं. केशरबाई हातातलं काम सोडून ऐकत राहिली आणि म्हणून गेली की असला डोंगर एकदा बघायला पाहिजे. मुकादम आश्रुबा मागेच उभा होता.

“केशरे, तुज्या नशिबाला ह्योच पांढरा डोंगर हाय,” तो गंजीकडे बोट दाखवून म्हणाला. “ह्योच बघ.”

सगळ्या बायका हसल्या. आश्रुबा मनाने वाईट नव्हता, फक्त त्याच्या जिभेला हाड नव्हतं. पण केशरबाईच्या ते वर्मी लागलं. त्या संध्याकाळी अंगणात मला अंथरून ती लेकाला म्हणाली, “रंगा, शिकून मास्तर हो. आन मला त्यो डोंगर दाव.” रंगनाथने हो म्हटलं. ते हो मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

रंगनाथ खरंच मास्तर झाला. कुसुमबाई सून म्हणून घरात आली, हेमा नावाची नात झाली. केशरबाईचे केस रुईसारखे पांढरे झाले, पण डोंगर काही ती विसरली नाही. अखेर एकोणीसशे शहात्तरच्या मे महिन्यात रंगनाथने दार्जिलिंगला जायचं ठरवलं. शाळेचे मुख्याध्यापक अनंतराव यांनी अंथरूण गुंडाळून न्यायचा आपला हिरवा कॅनव्हासचा होल्डॉल दिला. साऱ्या वस्तीत बोभाटा झाला की केशरबाई साहेबलोकांच्या गावाला हवा खायला निघाली.

आता या मास्तरांची हुशारी ऐका. दार्जिलिंग हे थंड हवेचं ठिकाण आहे, हे ते दरसाल मुलांकडून घोकून घेत. पण परभणी जिल्ह्यातल्या माणसाला मे महिन्यातली थंड हवा म्हणजे काय ठाऊक असणार? वाळ्याच्या ताटीवर पाणी मारलं की जी झुळूक येते, ती आमची थंड हवा. रंगनाथने मलमलचे सदरे घेतले, पातळ चादरी घेतल्या, दोन विणलेले पंखे घेतले. वर प्यायच्या पाण्याला मातीची सुरई घेतली, पाणी गार राहावं म्हणून! दार्जिलिंगला निघालेला माणूस गार पाण्याची सोय करत होता, आणि शेजारीपाजारी मोठ्या कौतुकाने माना डोलवत होते.

मला मात्र त्याने साफ नकार दिला. तिथे मोठमोठे लोक येतात, त्यांच्यापुढे ही चिंध्यांची वाकळ कशाला, आपली काही इज्जत आहे की नाही, असं तो म्हणाला. लहानपणी माझ्यावरच लोळून पाढे पाठ केलेला हा मुलगा! मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. पण केशरबाईला माझ्याशिवाय झोप येत नसे. रंगनाथ टांगा बघायला बाहेर गेला, तशी तिने मला होल्डॉलच्या तळाशी सारलं आणि वरून चादरी पसरल्या. कुसुमबाईने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. गुणाची सून!

सेलूहून मनमाड, तिथून मोठी गाडी. नागपूर स्टेशन आलं तेव्हा केशरबाईने बाहेर पाहून हात जोडले आणि मग होल्डॉलवर हात ठेवून बसली. का, ते मला ठाऊक होतं. कलकत्ता मागे पडलं. डोंगराच्या पायथ्याला खेळण्यातल्यासारखी छोटी आगगाडी लागली. ती धापा टाकत, वळसे घेत वर चढायला लागली आणि धुकं डब्यात शिरायला लागलं. हेमाने पंखा खाली ठेवला. थोड्या वेळाने रंगनाथने सदऱ्याची सगळी बटणं लावली. आणखी थोड्या वेळाने कुणी कुणाशी बोलेना, कारण दातावर दात आपटत होते.

उतरायची जागा म्हणजे इंग्रज साहेबाच्या काळातला बंगला. लाकडाची जमीन, काचेच्या मोठ्या खिडक्या, भिंतीत विझलेली शेगडी. आता तिथे कुणीही उतरू शकत होतं, पण अंथरूण-पांघरूण ज्याचं त्याने आणायचं, असा रिवाज. वर हंगामाची गर्दी, त्यामुळे मागायला एक घोंगडीही शिल्लक नव्हती. रंगनाथने पातळ चादरी बाहेर काढल्या आणि त्यांच्याकडे बघतच राहिला. केशरबाई थरथरत होती. तिने होल्डॉलच्या तळात हात घातला आणि मला बाहेर ओढलं.

काय सांगू तुम्हाला! अजून अंधारही पडला नव्हता, तोच आई, लेक, सून, नात असे चौघे माझ्या पोटाशी शिरले. मास्तर तर सगळ्यात आधी. इज्जत गेली सुरईत! हेमा हसायला लागली, मग कुसुमबाई, मग सगळेच. मी टाक्याटाक्याने सगळ्यांना धरून ठेवलं. त्या संध्याकाळइतकी मी कधीच फुगले नव्हते.

पण ज्याच्यासाठी आलो तो डोंगर काही दिसेना. रोज सकाळी केशरबाई मला खांद्यावर घेऊन गावातल्या चौरस्त्यामागच्या कठड्यापाशी जाई आणि समोर नुसतं पांढरं धुकं. फेल्ट हॅटवाले, ओव्हरकोटवाले लोक तिच्याकडे वळून बघत. तिला त्याची फिकीर नव्हती. मात्र तिला खोकला लागला आणि तो हटेना. शेवटी रंगनाथ हात जोडून म्हणाला की माय, आता उद्या खाली उतरू, एका वाकळेवर सगळ्यांचं भागत नाही, तुला काही झालं तर मी गावात तोंड कसं दाखवू? केशरबाईने मला आणखी घट्ट लपेटून घेतलं.

त्या दुपारी चौरस्त्यावर एक म्हातारी तिबेटी बाई लोकरीचे कपडे विकायला बसली होती. केशरबाईने तिला पाहून “नमो बुद्धाय” म्हटलं. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती, पण बुद्ध हा शब्द दोघींना कळला. त्या बाईने गळ्यातली जपमाळ दाखवली आणि केशरबाईला जवळ बसवून घेतलं. मग तिची नजर माझ्यावर गेली. तिने माझे टाके बोटाने चाचपले, मला उलटं करून पाहिलं, माझ्यावरून हात फिरवला. मी तिच्या मनात भरले. तिने आपल्या ढिगातली सगळ्यात जाड लोकरीची शाल काढली आणि खुणेने सांगितलं की ही घे, ती दे.

लोकर विकत घेण्याइतके पैसे रंगनाथकडे नव्हते, त्याचा चेहरा उजळला. नव्या लोकरीच्या शालीला जुनी वाकळ, याहून चांगला सौदा कुठे मिळणार? तो आईला म्हणाला की दे ती वाकळ, ही शाल मिळाली तर आणखी काही दिवस राहता येईल, तुला डोंगर दिसेल. नाहीतर उद्या आपल्याला उतरावंच लागेल. एकीकडे जन्मभराचा डोंगर आणि दुसरीकडे मी. मी स्वतः केशरबाईच्या जागी असते, तर मला देऊन टाकलं असतं.

केशरबाईने मला मांडीवर ओढून घेतलं.

“रंगा, हिच्या मधात माजं पांढरं लुगडं हाय,” ती म्हणाली. “नागपूरला दीक्षेच्या दिवशी नेसले होते, ते. फाटलं, पर टाकवंना, म्हनून हिच्या पोटात घातलं. डोंगर न्हाई दिसला तर न्हाई. ही देनार न्हाई मी.”

रंगनाथ खाली बसला. त्या दिवशी तोही नागपूरला होता, लहान होता, आईच्या त्याच पांढऱ्या पदराला धरून गर्दीतून चालला होता. ज्याला तो चिंध्या म्हणाला होता, त्यात तो पदर होता. त्याने आईचे पाय धरले आणि भर चौरस्त्यात मास्तर लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसून त्याने मोडक्यातोडक्या हिंदीत त्या तिबेटी बाईला सगळं सांगितलं.

ती म्हातारी उठली. तिने आधी मला कपाळ टेकवलं. मग ती जाड शाल उलगडून केशरबाईच्या खांद्यावर, माझ्यावरच पांघरली आणि डोंगराच्या दिशेने हात केला. तो दिसेपर्यंत ठेव, मग परत दे, असं ती सांगत होती. जिच्या बदल्यात मी जाणार होते, ती शाल माझ्याच पाठीवर बसली. आम्ही दोघी मिळून केशरबाईला सांभाळू लागलो. खोकला हळूहळू उतरला आणि उतरायचं नाव कुणी काढलं नाही.

आणि एका सकाळी धुकं फाटलं. कठड्यापाशी सगळे जण समोर, झाडांच्या वर शोधत होते. तिथे तर काहीच नव्हतं. केशरबाईही तिकडेच पाहत होती. मग हेमाने तिची मान धरून वर केली, आणखी वर, जिथे फक्त ढग असायला हवेत तिथे. तो ढग नव्हता. ऊन पडलं आणि सगळा कांचनजंगा आभाळात उभा राहिला.

ओव्हरकोटवाले, हॅटवाले, सगळे माना वर करून उभे होते. डोंगरापुढे साहेबही तेवढाच आणि आमची केशरबाईही तेवढीच. मग तिने मला डोक्यावरून घेतलं, ताठ उभी राहिली आणि सेलू जणू पलीकडच्या गल्लीत असावं तशी म्हणाली, “आश्रुबा, बघ. ही गंजी तुज्या जिनातली न्हाई.”

शाल परत करताना आम्ही रिकाम्या हाताने गेलो नाही. केशरबाईने त्या म्हातारीला आपली सुरई दिली. तिथे गार पाण्याचं कुणाला कौतुक? पण त्या बाईने ती मोठ्या मानाने आपल्या कपड्यांच्या ढिगाशेजारी ठेवली आणि विणायच्या सुया तिच्यात उभ्या करून ठेवल्या.

सेलूला आलो तेव्हा स्टेशनाबाहेर लू वाहत होती. अनंतरावांचा होल्डॉल त्यांना परत गेला, पण मी त्याच्यात नव्हते. रंगनाथने मला सगळ्यांना दिसेल असं खांद्यावर टाकून घरापर्यंत नेलं. संध्याकाळी वस्ती गोळा झाली. आश्रुबाही आला, आता तो काठी टेकत चालायचा. त्याने विचारलं, केशरे, दिसला का? तिने त्याला माझ्यावर, आपल्या शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं. ऐकून तो म्हणाला की मी तेव्हा चुकीचं बोललो, बाई. केशरबाई म्हणाली, तू बोलला नसतास तर मी गेलेच नसते.

तेव्हापासून दरसाल हिमालयाचा धडा आला की रंगनाथ मला शाळेत नेतो. मला वर्गात पसरतो, चिमटीत धरून उंच उचलतो आणि माझ्या अंगावर डोंगर, दऱ्या उभ्या करतो. माझा मधला भाग वापरून विरला आहे. वरचं कापड गेलं आणि आतलं पांढरं लुगडं दिसायला लागलं. तीच जागा तो सगळ्यात उंच धरतो आणि सांगतो, “मुलांनो, हा कांचनजंगा.”

म्हणून सांगते मित्रांनो, घरातलं जुनं पांघरूण फेकू नका. त्याला ऊन दाखवा, कड उसवली तर वेळीच टाका घाला, आणि त्याच्या पोटात काय आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आमची केशरबाई अजूनही दिवाळी झाली की दाभण घेऊन बसते आणि माझं उसवलेलं सगळं शिवून काढते. मधली ती पांढरी जागा मात्र ती शिवत नाही. पोरांना डोंगर दिसला पाहिजे, म्हणते.