नवरीचं पहिलं गाणं

आमच्या बेंजो पार्टीची एक रीत आहे. हळदीला पहिलं गाणं नवरी सांगेल ते वाजतं. मग मांडवात आमदार येऊन बसला तरी त्याची फर्माईश दुसरी. माझ्या नवऱ्याने, परेशने, पार्टी काढली तेव्हा ही रीत पाडली आणि आजवर मोडलेली नाही.

यंदा नवरी माझीच मुलगी होती, प्रणाली. ती कुठलं गाणं सांगेल या विचाराने महिनाभर माझ्या घशाखाली धड घास उतरला नाही.

मुळापासून सांगते. पार्टीचा पहिला अल्बम, ‘मिठागरावरची चांदणी’, मी गायला. तेव्हा कॅसेटी निघायच्या. आठ गाणी, आठही माझी. कव्हरवर माझा फोटो होता, मिठाच्या ढिगावर उभी, कमरेला पदर खोचलेला. तळपाय मिठाने चुरचुरत होते तरी मी हसत होते. वर्षभर उरणपासून पनवेलपर्यंत ज्या हळदीला जाल तिथे माझा आवाज.

मग मला दिवस गेले. दुसऱ्या अल्बमचं रेकॉर्डिंग ठरलं तेव्हा मला नववा लागला होता. परेश म्हणाला, “या खेपेला दिपालीला गाऊ दे.”

दिपाली म्हणजे माझ्या धाकट्या दिराची बायको. लग्नाला चार महिने झाले होते, अजून हातातला चुडा नवा होता. या खेपेला म्हणे! ती खेप चोवीस वर्षं चालू आहे.

तिचा अल्बम, ‘जेट्टीवरचा पाहुणा’, असा काही चालला की बोलायची सोय नाही. मी प्रणालीला घेऊन माहेरून परत आले तर नाक्यावरच्या पानाच्या टपरीवरही दिपालीचं पोस्टर. परेश मला म्हणाला, “तू पन ये की कोरसला.” कोरसला! मी त्याच दिवशी माझ्या उरलेल्या सगळ्या कॅसेटी पत्र्याच्या पेटीत घातल्या, कुलूप लावलं आणि सांगितलं, या घरात आता टेप वाजणार नाही. परेश ट्रेलर चालवतो, बंदराच्या रस्त्यावर कुणाला भीत नाही, पण माझ्या तोंडाला भितो. त्याने टेप उचलला आणि आळीच्या टोकाला दिराच्या घरी नेऊन ठेवला.

मला मत्सर होता. होता कशाला, आहे. लोक म्हणतात, काळ गेला की कमी होतं. माझा मत्सर वाढत्या अंगाचा निघाला. तांदूळ निवडायला बसले की मी दिपालीचं ते ‘पाहुण्या’चं गाणं गायला घ्यायची, केवळ तिच्या चुका काढायला. इथे ही श्वास तोडते. इथे सूर चढवते म्हणजे नुसती ओरडते. ही ओळ खालून घ्यायची असते, सावकाश, अशी. कुणाला सांगत होते देव जाणे, समोर सूप आणि मांजर. गाणं संपलं की पुन्हा पहिल्यापासून धरायची, कारण चुका सगळ्या काढून झाल्यात असं वाटायचंच नाही. घरची कामं अशी चार-पाच वर्षं त्याच गाण्यावर झाली.

दिपाली माझ्याशी वाईट वागली असती तर बरं झालं असतं. ती सणाला पहिली करंजी मला आणून द्यायची. असल्या माणसाशी भांडायचं कसं?

पुढे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. लग्नात धवले गाणारी आमची म्हातारी येसूबाई शपथेवर सांगते की विनितासारखं, म्हणजे माझ्यासारखं, कुणी गायलं नाही. का? तिच्या लेकीच्या हळदीला ‘चांदणी’ वाजलेली. रिक्षावाला भिकू म्हणतो दिपालीच. त्याने शाळेच्या सहलीत दिवेआगरला जाताना बसमध्ये ‘पाहुणा’ ऐकला होता. आणि धर्मा, ज्याने पार्टीचा चौथा अल्बम आधी ऐकला, तो त्या टुकार चौथ्यावर जीव टाकतो. मी गावात घरोघरी आडून आडून विचारलं, सगळीकडे तेच. ज्याच्या कानात जे आधी पडलं ते त्याचं झालं. पुढचं कितीही चांगलं असो, ते आधीच्याशी ताडून बघितलं जातं, आणि ताडून बघितलं की कमी पडतंच.

प्रणालीने आधी काय ऐकलं हे मला वेगळं विचारायची गरज नव्हती. पहिलीत गेल्यापासून शाळा सुटली की ती काकीकडे. तिथे टेप. संध्याकाळी येऊन माझ्यासमोर ‘पाहुण्या’वर नाचून दाखवायची. जिच्यापायी माझा माइक गेला ती माझी लेक! मी हसून टाळ्या वाजवायची आणि आत जाऊन भांडी आपटायची.

पण लग्न ठरलं तशी मला आशा लागली. आईचं गाणं सांगेल, एवढं तरी करेल. मी पेटी उघडली. बुरशी न धरलेली एकच कॅसेट निघाली. उरणच्या बाजारात एकाकडून ती मोबाइलमध्ये घेतली आणि सकाळी भाकऱ्या थापताना लावली. प्रणाली चहा पीत बसली होती.

“कसं हाय गो?” मी तव्याकडे बघतच विचारलं.

“बरं हाय.”

“बरं?”

“म्हनजे छान हाय, आई. पन ‘पाहुन्या’ची सवय हाय ना. हे जरा वेगलं लागतं.”

भाकरी करपत होती. मी करपू दिली आणि तिलाच वाढली.

हळदीचा दिवस उजाडला. संध्याकाळी मांडव भरला, मागे मटणाची पातेली चढली, परेशने बेंजो मांडीवर घेतला. दिपाली पिवळी साडी नेसून, घसा खाकरून, माइक हातात घेऊन तयार. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “बाय, ती तुजंच सांगल. बघ तू.” माझी कीव करत होती. ते तर मला सगळ्यात जास्त झोंबलं.

परेशने लेकीला विचारलं, “नवरी, कंचं गानं?”

प्रणाली पाटावर बसली होती, गाल-कपाळ हळदीने माखलेलं. एक क्षणही विचार न करता म्हणाली, “जेट्टीवरचा पाहुणा.”

पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी मांडवाचा खांब धरला. आईला एवढंही देता येत नाही, असं मनात आलं आणि डोळे भरून आले. दिपाली पुढे झाली.

“काकी, थांब,” प्रणाली म्हणाली. “माइक आईला दे.”

“मना?” माझा आवाज चढला. भरल्या मांडवात मला भान राहिलं नाही. “माजं गानं न्हाय ते. दुसरीचं गानं मी कशाला गाऊ?”

“तुजंच हाय,” ती म्हणाली. “टेपवर मी मंग ऐकलं, काकीकरं. त्याच्या आदी तू गायचीस, तांदूल निवरताना. मी तुज्या पाठीला टेकून बसायची. टेप पयल्यांदा ऐकला तवा मी काकीला बोलली पन, तू माजे आईचं गानं का घेतलंस?”

मांडव हसला. दिपालीही हसली, थोडं उशिरा. “व्हय, बोललेली,” ती म्हणाली.

“मना अजून तुजंच गानं आवरतं,” प्रणाली म्हणाली.

इतकी वर्षं मी चुका काढत होते आणि पाठीमागे पोर ती अंगाई म्हणून ऐकत होती. मला कधी वळून बघायचं सुचलं नाही.

मी माइक घेतला. शब्द आठवावे लागले नाहीत. पहिली ओळ खालून घेतली, सावकाश, जशी घ्यायची असते तशी. परेशने मान वर करून बघितलं आणि बेंजो माझ्या चालीवर आणला. प्रणालीने डोळे मिटले. माझ्या ‘चांदणी’चं कुणी नावही काढलं नव्हतं, हे गातानाही मला टोचत होतं. पण टोचत होतं आणि मी गात होते.

पहिलं कडवं संपलं. बेंजो एकटा वाजू लागला. दिपाली माझ्या शेजारीच होती, कोरसच्या पोरींमध्ये, रिकामे हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखी. ती आपल्या नवऱ्याच्या कानाशी वाकली.

“इथं श्वास तोरला तिनं,” ती म्हणाली.

मी ऐकलं. तिच्याकडे बघितलं. ते तोंड मी चोवीस वर्षं आरशात पाहिलेलं आहे.

दुसरं कडवं मी एका श्वासात घेतलं.