धुडकूची पहार

पलसाण्याच्या मिलमध्ये कपड्याला जंतुनाशक औषध लावायचं एक खातं होतं. तिथल्या रिकाम्या निळ्या पिंपांना भोकं पाडायचं काम धुडकूचं. पहार उचलायची, तळाशी हाणायची. ठक्क! भोकाचं पिंप कुणी पाण्यासाठी घरी नेत नाही, म्हणून ही रीत. पण धुडकूला स्वतःला ना हातमोजे, ना तोंडाला काही. एकदा पिंपात डोकावताना त्याला ठसका लागला, तो काही थांबला नाही. दिवाळीच्या आत धुडकू गेला.

पहार कोपऱ्यात पडून राहिली. पिंपं धडधाकट भंगारात जाऊ लागली. धुडकूचा जोडीदार हिलाल याला मात्र मशीनच्या घरघरीतही अधूनमधून ती ठक्क ऐकू यायची. सांगणार कुणाला?

त्या सकाळी पाळी संपवून हिलाल लिंबायतला घरी आला, तर मोरीशेजारी निळं पिंप काठोकाठ भरलेलं. लेक उज्ज्वला बाळंतपणाला आलेली. बायको सरलाबाई नातवाच्या अंघोळीचं पाणी त्यातूनच तपेल्यात काढत होती.

"हे कुठून आणलं?"

"भंगारवाल्याकडून. दोनदा घासलं सोड्यानं."

हिलाल वाकला. पिंपावरचा नावाचा कागद खरवडलेला होता. निळी पिंपं काय, सगळी सारखीच. हे तेलाचंही असेल. मग कागदाच्या एका कोपऱ्यात त्याला मिलच्या पिंपांवरचंच धोक्याचं चित्र उरलेलं दिसलं : थेंब पडून झिजलेला हात.

"अगं, हे आमच्या औषधाचं!"

"मंग? जंतू मरतस ना त्यानी? बाळले चांगलंच शे!" सरलाबाई हसली.

धुडकूही असाच हसायचा. म्हणायचा, "ज्यानी जंतू मरस, त्यानी माणूस वाचस का रे?"

आतून उज्ज्वलानं बाळाला आणलं, उघडंच. सरलाबाईनं तपेलं उचललं.

ठक्क.

आवाज पिंपाच्या आतून आला. हिलालनं बायकोच्या हातातलं तपेलं हिसकावून मोरीत ओतलं, दाराला टेकवलेली लोखंडी सळई घेतली आणि पिंपाच्या तळाशी घातली. पाणी फेसाळत बाहेर आलं.

"काय करं हाई? येडा व्हयनात का तुम्ही?"

"हात दाखव."

सरलाबाईनं हात मागे घेतले. त्यानं ओढून पाहिले. बोटांची टोकं सोललेली, लाल.

"कालपासून आग होतेय," ती हळूच म्हणाली. "सोड्यानं झाली असंल, वाटलं."

त्यानं तिचे हात नळाखाली धरले, बराच वेळ. मग तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. निघताना बाळ आजोबांकडे पाहत रडत होतं, कोरडं, धडधाकट.

दुसऱ्या दिवशी हिलालनं जाड हातमोजे घातले, तोंडाला मास्क बांधला आणि कोपऱ्यातली पहार उचलली. पिंपं मिलच्या अंगणात आडवी केली, वारा पाठीशी घेतला. पहिल्याला हाणलं.

ठक्क.

तो थांबला. शेजारच्या पिंपाला अजून त्यानं हात लावला नव्हता. तरीही तिथून आवाज आला, जरा हलका, जरा मागून, जोडीदार साथ देतो तसा.

हिलालनं वळून पाहिलं नाही. पहार उचलली आणि पुढच्या पिंपाकडे गेला.