टाकाऊ ठरवलेली कॅसेट

लिफ्टवाला गेला आणि पंधराव्या दिवशी मी त्याच्या घरी हजर झालो. भेटायला, असं आपलं म्हणायचं.

इलेक्ट्रॉनिक संगीताच्या दुर्मिळ परदेशी कॅसेट जमवणारे आमच्या शहरात सहा जण. मी सोडून बाकीचे पाच गाढव. एकाला अस्सल आणि नकली प्रत ओळखता येत नाही, दुसरा कव्हरला रबरबँड लावतो, आणि लिफ्टवाला तर कॅसेट चक्क वाजवायचा! दिवसभर लिफ्ट दुरुस्त करत तिच्या खड्ड्यात ग्रीस चोपडायचं आणि संध्याकाळी त्याच हातांनी जगात तीनशेच प्रती असलेली कॅसेट टेपमध्ये कोंबायची. माझ्या कॅसेटचं एकही वेष्टन अजून फुटलेलं नाही. ऐकायला काय, कोणीही ऐकतं.

पण नशीब बघा, ती राखाडी कॅसेट नेमकी या गाढवाकडे होती. आल्बम जगभर निघाला, पण ही आवृत्ती एकाच चिमुकल्या देशात. तुकड्यांचा क्रम वेगळा आणि शेवटी एक जादा तुकडा. नऊ वर्षं माझा तिच्यावर डोळा होता.

त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, तीन खोकी माझ्यापुढे ठेवली. "भाऊजी, मला यातलं ओ की ठो कळत नाही. चांगली कुठली, तेवढं सांगा."

आम्हा जमवणाऱ्यांत एक रीत आहे. जी वस्तू हवी तिला नाकं मुरडायची, भलत्याच वस्तूवर लट्टू व्हायचं आणि आठवड्याने येऊन 'बरं, हीपण घेऊन जातो' म्हणायचं. मी राखाडी कॅसेट चिमटीत उचलली आणि परत खोक्यात टाकली. "ही टाकाऊ. नुसती घरघर." मग एक हिरवी, कुठेही मिळणारी, छातीशी धरली. "ही मात्र रत्न आहे, वहिनी!" डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. वहिनी भाबड्या, मान डोलवत राहिल्या. जिना उतरताना मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

आठवड्याने गेलो तर वहिनी ओट्याला धरून एक पाय हलवत होत्या. टेबलावरच्या टेपमधून कुणी मुलगी मोजत होती, "सात, आठ, पाय खाली." टेपच्या काचेतून राखाडी रंग दिसत होता.

"गुडघ्याचे व्यायाम," वहिनी म्हणाल्या. "फिजिओथेरपीवाली म्हणाली, माझा आवाज भरून घ्या, आकडे चुकणार नाहीत. कॅसेटच्या कडेची भोकं चिकटपट्टीने बुजवली की वर भरता येतं, हे ह्यांनीच शिकवलेलं. म्हटलं, तुम्ही टाकाऊ म्हणालात तीच वापरू."

मी टेप बंद करायला हात पुढे केला. तोवर वहिनींनी कागदात गुंडाळलेली हिरवी कॅसेट माझ्या हातात ठेवली होती. "ही तुमची. ह्यांनी हॉस्पिटलात सांगून ठेवलं होतं, 'त्याला विचार, आणि त्याला सगळ्यात आवडेल ती देऊन टाक. पैसे घेऊ नकोस. त्याच्याइतकं यातलं कोणाला कळत नाही.'"

तेवढ्यात मोजणं संपलं. खट्ट झालं आणि खालून संगीत वर आलं. तोच शेवटचा जादा तुकडा, तेवढाच वाचलेला. मी तो पहिल्यांदा ऐकत होतो. सुंदर होता. शिंचा फारच सुंदर होता.

"हे बघा, हे मागचं राहिलंय," वहिनी म्हणाल्या. "एकदम सुरू होतं आणि मी दचकते. कसं हो पुसायचं?"

अजूनही तोंड उघडता आलं असतं. 'वहिनी, मी खोटं बोललो.' चारच शब्द. पण मग लिफ्टवाल्याने केलेलं कौतुकही परत करावं लागलं असतं, आणि त्या घटकेला ते मला कॅसेटपेक्षा जास्त हवं होतं. लाज वाटली, पण तीही पुरेशी नाही.

"सोपं आहे," मी म्हणालो. "फक्त आवाज करू नका."

मी टेप थोडी मागे घेतली आणि आवाज भरायचं लाल बटण दाबलं. कॅसेट संपेपर्यंत आम्ही दोघं श्वास रोखून उभे राहिलो.