सातव्या वर्षाचा वास

"या फ्रिजला आता कुलूपच घालते," हे-रान दुधाच्या बाटल्यांमागे हात घालून पुटपुटत होती. "म्हणे म्हातारीला नीट दिसत नाही. लपवायचं असलं की बरं दिसतं!"

मी शेजारीच पालक पिळत उभी होते. हे-रान माझ्या धाकट्या भावाची बायको, आणि म्हातारी म्हणजे माझी आई. मला ऐकू जावं म्हणूनच ते पुटपुटणं होतं.

फ्रिजमध्ये काही सापडलं नाही. पण संशयाला पुरावा कुठे लागतो!

सगळं दा-ओनवरून चाललेलं. माझी सात वर्षांची भाची. संध्याकाळपर्यंत तिचे केस तेलकट व्हायचे, कपाळावर पुटकुळी आली होती, आणि ते तिसरंही होतं. त्याला आम्ही 'घाम' म्हणायचो. कोरियात, त्यातून देगूच्या उन्हाळ्यात, कुणाला घाम येत नाही? पण हे-रान पोरीचे कपडे दोनदा बदलायची आणि खिडकी उघडायची.

आई औषधी बाजारातून हरणाच्या शिंगाचा काढा आणून नातीला चोरून पाजते, म्हणून पोर वेळेआधी वयात येतेय, आता उंची खुंटणार, अशी हे-रानची खात्री होती. आईचं म्हणणं, "तुमच्या त्या तळलेल्या कोंबड्यांना काय टोचतात ते बघा आधी." शाळेतून दा-ओनला आईच आणायची. डॉक्टरांनी काढ्यावर बोट ठेवलं, की या दुपारी बंद, असं हे-राननं सांगूनच टाकलं होतं. वडील गेल्यापासून आई त्या दुपारींवरच तर जगत होती.

दवाखान्यात निघायच्या सकाळी दप्तरात फडक्याची पुरचुंडी निघाली. आत पांढरा खडा.

"वन्सं, बघा! आता हे काय चाटवतात पोरीला?"

"आजीने सांगू नको म्हटलंय," दा-ओन म्हणाली. आई बूट घालत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी डाव्या हाताचा एक्स-रे दिव्यावर लावला. हे-राननं तो खडा त्यांच्यापुढे ठेवला.

"ही तुरटी आहे," त्या म्हणाल्या. "खायची नाही, काखेत फिरवतात. हाडांचं वय ठीक आहे. रक्तातही काही वावगं नाही."

"मग हे सगळं?"

"मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. पोटातल्या बाळाची चांगली मोठी, जन्मल्यावर आक्रसते, मग काही वर्षं गप्प. सहा ते आठच्या सुमारास तिचा आतला थर जागा होतो. केस तेलकट, पुटकुळ्या, पुढे थोडी लव. पाळीचं काम वेगळ्या ग्रंथींचं, त्याला अवकाश आहे. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा."

"पण काढ्यानं..."

"ती आपल्या वेळेनं जागी होते. आता काखेचं म्हणाल, तर तसं आपल्या कोरियन लोकांत थोड्यांनाच होतं. ते घराण्यातून येतं."

खोलीत एकदम सगळे आपापल्या घराण्याचे झाले.

"माझ्या माहेरी कुणाला नाही हं," हे-रान घाईनं म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मीही नकळत दंड अंगाशी आवळले.

आणि मला लहानपणचं गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर आठवलं. सगळ्या बायका एकमेकींच्या पाठी घासायच्या. आई सगळ्यांच्या घासायची, पण आपली कुणाला घासू द्यायची नाही. शेजारणी म्हणायच्या, फार ताठा. मलाही तेच वाटायचं.

"आजी, घराण्यातून म्हणजे कुणाकडून?" दा-ओननं विचारलं. "मी काही खाल्लं म्हणून नाही ना?"

आईनं खडा उचलला, फडक्यात नीट गुंडाळला. हे-रान पुढे झाली, "आई, राहू द्या, घरी..."

"घरी काय? घरी तू खिडक्या उघडतेस." आईनं नातीला जवळ ओढलं. "माझ्याकडून, बाळा. वास येतो तुझ्या काखेला. मलाही येतो, तुझ्याएवढी होते तेव्हापासून."