नुसता उभा राहणारा माणूस

“मला टाइल्स लावायला सांगितल्या, मी लावल्या. पाइपात पाणी सोडून बघितलं की नाही, ते मी कशाला विचारू?” टाइलवाला म्हणाला.

“मी म्हणालो होतो ना, दोन दिवस थांबा,” प्लंबरकाका म्हणाले.

“कुणाला म्हणालात?”

काकांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी नळाकडे.

भिंतीपलीकडे आईची खोली. तिथे कालपासून ओल उतरतेय, नवा रंग नखाने निघतोय. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, आता जिना चढायचा नाही, म्हणून तर खाली हे बाथरूम काढलं. तिला परवा घरी सोडणार. परवा! आणि इथे दोघं हात झटकतायत.

आधी सगळं कंत्राटदार बघायचा. रोज सकाळी सगळ्यांना एका खोलीत उभं करायचा आणि एकेकाला विचारायचा, आज तू काय करणार आणि तुझ्यामुळे कोण अडणार. बाकीचे ‘चालेल’ म्हणेपर्यंत थापीला हात लावू द्यायचा नाही. बाबांना त्याचा भयंकर राग. “हा स्वतः करतो काय? नुसता उभा राहतो. तेवढं तर मीही राहीन.” पंधरा दिवसांपूर्वी त्याला हाकलला. मग बाबा उभे राहिले, ते ऑफिसात, फोनवर. ‘दोन दिवस थांबा’ त्यांच्या कानापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.

“फोडा,” मी म्हणालो.

“मी लावलेली मी फोडत नाही,” टाइलवाला.

“टाइल फोडणं माझं काम नाही,” काका.

“तू गप्प बस,” बाबा. “दहावी अर्धवट सोडलीस आणि इथे अक्कल शिकवतोस.”

माझं डोकंच सटकलं. प्लास्टरच्या आधी कंत्राटदाराने माझ्याकडून पाइपांचे फोटो काढून घेतले होते. मोबाइलमध्ये सांधा बघितला, हातोडा उचलला आणि हाणला. दुसऱ्या घावाला पाण्याची बारीक चिळकांडी उडाली, ती थेट बाबांच्या शर्टावर.

काका वाकले. “सांधा सैल आहे. करतो. पण मग गळतंय का बघायला एक दिवस पाणी भरून ठेवायला लागेल. टाइल त्यानंतरच.”

“उद्या मी दुसरीकडे आहे,” टाइलवाला म्हणाला.

“आणि उद्याच रंगवाला येतोय,” मी म्हणालो. “बाबांनीच बोलावलाय.”

बाबा उलट्या बादलीवर बसले. “आई येईल तेव्हा काय दाखवायचं तिला, हे भोक?” हे ते मला म्हणत नव्हते. मग म्हणाले, “तो असतो कुठे आता?”

“शाळेमागच्या साइटवर. सहाला निघतो.”

“फोन लाव त्याला.”

“मी नाही. हाकललात तुम्ही, बोलवायला तुम्हीच जा.”

मला वाटलं, आता कानाखाली बसणार. बाबांनी बाहीने तोंड पुसलं आणि आत गेले.

आत्ता शर्ट बदलून दारात उभे आहेत. “तो काय बोलेल रे?” असं दोनदा विचारून झालंय. पावणेसहा वाजलेत. मलाच यांना घेऊन निघायला हवं, नाहीतर यांचा विचार बदलेल.